कौल उजवा मिळाला होता: पेडण्यातल्या एका भजनी बुवांची केस

बुवांचं वय ६२, गोव्याच्या पेडणे तालुक्यातलं एक गाव, थोडी काजूची बागायत, नारळाची झाडं आणि गेली पस्तीस-चाळीस वर्षं गावच्या भजनी मेळाचा मुख्य गळा. नाव लिहिणार नाही, घरच्यांना विचारूनच लिहितेय आणि ओळख पटेल अशा काही गोष्टी बदलल्यात. मी स्पीच थेरपिस्ट, म्हणजे ते माझ्याकडे आले ते परत बोलायला शिकायला, देवाधर्माचा रकाना माझ्या केसपेपरवर नसतोच, पण ही केस शेवटी त्याच विषयाची झाली.

आजार आधी सांगते कारण तो माहीत असायला हवा. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या आधी बुवांचा आवाज बसला. भजन संपलं की चहा आणि बिडी ही चाळीस वर्षांची सवय, आणि गळा बसला तर गाणाऱ्याचा गळा बसायचाच असं म्हणून ज्येष्ठमध, हळद-दूध, गरम पाण्याच्या गुळण्या यात आठेक महिने गेले. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी बिडी-सिगरेट ओढणारं माणूस असेल आणि आवाज तीन आठवड्यांच्या वर बसलेला असेल तर कृपा करून कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जाऊन दुर्बिणीतून बघून घ्या, स्वरयंत्राचा कॅन्सर लवकर सापडला तर बऱ्याचदा नुसत्या रेडिएशनवर भागतं आणि आवाज वाचतो. बुवांचा कॅन्सर तोवर कूर्चेत शिरला होता. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी इस्पितळात ऑपरेशन ठरलं, अख्खं स्वरयंत्र काढायचं, त्यानंतर रेडिएशन.

ऑपरेशनच्या आधी घरच्यांनी ग्रामदेवतेला प्रसाद लावला. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगते, मूर्तीला ओल्या कळ्या किंवा पाकळ्या चिकटवतात, देवाला प्रश्न विचारतात आणि कुठल्या बाजूची पाकळी पडते त्यावरून कौल समजतात. प्रश्न होता, ऑपरेशन बरं होईल ना. पाकळी उजवीकडची पडली, पटकन पडली, सगळ्यांना हायसं वाटलं आणि बुवा त्याच जोरावर टेबलावर चढले.

ऑपरेशन खरंच बरं झालं. गाठ पूर्ण निघाली, जखम वेळेत भरली, दीनदयाळचं, म्हणजे गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं कार्ड होतं आणि सरकारी इस्पितळ, त्यामुळे बागायत विकायची वेळ आली नाही.

पण स्वरयंत्र काढणं म्हणजे नुसता आवाज जाणं नव्हे, हे लोकांना सांगूनही कळत नाही. श्वासनलिका मानेत आणून तिथे कायमचं भोक ठेवतात, श्वास तिथूनच. नाकातून हवा जातच नाही म्हणून वास जातो. गरम चहावर फुंकर मारता येत नाही, निरांजन फुंकता येत नाही (तसंही फुंकू नये म्हणतात, पण येत नाही ते नाहीच), शंख तर विसराच. भोकात पाणी गेलं की सरळ फुप्फुसात म्हणून नदीत-तळीत उतरणं बंद, आंघोळसुद्धा जपून. जड उचलताना आपण श्वास रोखून छाती घट्ट धरतो, तेही जमत नाही, म्हणजे नारळाची पोती गेली. आणि हुंदक्याला आवाज नाही. बुवांच्या बायकोनं मला सांगितलं की पहिले काही महिने ते रात्री रडतात हे तिला कळलंच नव्हतं, उशी बदलताना ओली लागली तेव्हा कळलं.

बुवा माझ्याशी बोलायचे ते मुलांच्या त्या पुसायच्या पाटीवर लिहून. घरात सगळी कोकणी, पण लिहायचे मराठीत, कारण शाळा मराठीतली आणि अख्खं भजन मराठीतलं. पहिल्या महिन्यात पाटीवर काय यायचं, पाणी, दुखतं, उद्या येतो. मग एकदा व्यायाम बाजूला ठेवून त्यांनी लिहिलं, "कौल उजवा दिला. ऑपरेशन बरं झालं. विचारलं तेवढंच दिलं." आणि माझ्याकडे असं बघितलं की आता तू बोल बाय.

मी काही बोलले नाही. काय बोलणार होते? बोलायला लोक कमी नव्हते, तोवर घरी येऊन गेलेल्यांनी सगळं बोलून झालं होतं. देव आपल्याच माणसांची परीक्षा बघतो. मागच्या जन्मीचं काहीतरी असणार. जीव वाचला हे काय कमी आहे. एक गाणारे गृहस्थ तर तुकोबांचा "बरे झाले देवा निघाले दिवाळे" ऐकवून गेले. आता तो अभंग मोठाच आहे, पण ज्यानं तो लिहिला त्याचा व्यापार बुडाला होता, दुष्काळात पहिली बायको आणि पोरगा गेला होता आणि मग तो स्वतःबद्दल तसं म्हणाला. स्वतःच्या दिवाळ्यावर म्हणायचा अभंग दुसऱ्याच्या दिवाळ्यावर म्हणायचा नसतो, माझं तरी हे स्पष्ट मत आहे. बुवांनी त्या दिवसापासून सोमवारी संध्याकाळी घराची देवळाकडची खिडकी लावून घ्यायला सुरुवात केली, कारण सोमवारी देवळात भजन असतं आणि ते घरात ऐकू येतं.

त्यांच्या डोक्यात दोन गोष्टी आलटून पालटून चालायच्या. एका दिवशी पाटीवर, "देवानं दिलेला गळा मी बिडीनं जाळला, ही शिक्षा." दुसऱ्या दिवशी, "चाळीस वर्षं त्याचंच नाव घेतलं, दुसऱ्या कुणाचा गळा सापडला नाही त्याला?" दोन्ही एकमेकांच्या उलट, दोन्ही तितकीच खरी वाटणारी. अमेरिकेतले केनेथ पार्गामेंट म्हणून मानसशास्त्रज्ञ आहेत, श्रद्धा आणि आजारपण यावर त्यांनी आयुष्यभर काम केलं, त्यांच्या मांडणीत श्रद्धा आधार देते तशी ती पोखरतेसुद्धा, देवानं मला टाकलं, देव मला शिक्षा करतोय अशा विचारात माणूस अडकून राहिला तर. २००१ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ५५ वर्षांवरच्या सुमारे ६०० आजारी माणसांवरचा अभ्यास छापला, दोन वर्षं मागोवा घेतलेला, आणि त्यात अशी देवाशी झुंज असलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं, बाकीच्या गोष्टी हिशोबात धरूनही. म्हणजे खिडकी लावून घेणं ही माझ्यासाठी नुसती भावनिक गोष्ट राहिली नाही. आधुनिक हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या आजारातल्या माणसांची काळजी घेणारं इस्पितळ, ज्यांनी सुरू केलं (लंडन, १९६७) त्या सिसिली सॉन्डर्स म्हणायच्या की दुखणं शरीराचं, मनाचं, घरच्या-दारच्या माणसांचं आणि आत्म्याचं असं सगळं मिळून एकच असतं. आपल्याकडे इस्पितळात पहिल्या भागाला डॉक्टर असतो, दुसऱ्याला कधीकधी असतो, चौथ्याला भेटायला येणारे पाहुणे.

मधे एक वाईट महिना आला. जेवण कमी, व्यायाम बंद, पाटीवर "सकाळी उठलो नाही तर बरं होईल." हे वाचल्यावर मी सरळ विचारलं, जीव द्यायचा विचार येतो का, काही ठरवलंय का. सरळ विचारल्यानं विचार डोक्यात घुसतो वगैरे काही नसतं, उलट माणूस सुटतो. ठरवलं काही नव्हतं, पण विचार येत होता. बांबोळीच्या मानसोपचार इस्पितळात पाठवलं, गोळ्या सुरू झाल्या, घरच्यांकडे १४४१६ हा टेली-मानसचा नंबर लिहून दिला, तो फुकट आहे आणि चोवीस तास चालतो. काही लोकांना वाटतं की श्रद्धेची गोष्ट सांगताना गोळ्यांचा विषय काढला की मजा जाते, जाऊ दे मजा. झोप आणि भूक थोडी परत आली नसती तर पुढचं काहीही घडलं नसतं.

आता बोलण्याचं. आवाज परत आणायचे साधारण तीन रस्ते. पहिला, गळ्याला लावायचं बॅटरीवालं यंत्र, इलेक्ट्रोलॅरिंक्स, चटकन जमतं पण सूर एकच, मिक्सर चालू ठेवून कुणीतरी बोलतंय असं. नात हसली, बुवाही हसले आणि यंत्र कपाटात गेलं, गाणाऱ्या माणसाला एकसुरी आवाज देणं हा तसा अपमानच. दुसरा रस्ता, श्वासनलिका आणि अन्ननलिकेमध्ये छोटी झडप बसवायची, ही पद्धत सिंगर आणि ब्लॉम यांनी १९८० ला आणली, आवाज चांगला येतो पण झडप दर काही महिन्यांनी बदलावी लागते आणि परदेशी झडप हजारोंत जाते (बंगळुरूच्या डॉ. विशाल राव यांनी पन्नासेक रुपयांची झडप बनवली, ती बातमी मुलानं मला फोनवर दाखवली होती). तिसरा रस्ता बिनखर्चाचा, हवा अन्ननलिकेत ओढायची आणि ढेकरासारखी बाहेर सोडत त्याचा आवाज करायचा. शिकवताना प, ट, क या अक्षरांपासून सुरुवात करतो कारण ती उच्चारताना तोंडातली हवा आपोआप मागे दाबली जाते.

बुवा पा-टा-का छान करायला लागले. शब्द म्हणायची वेळ आली तेव्हा मी विचारलं, पहिला शब्द कुठला घेऊया, मला वाटलं विठ्ठल म्हणतील. ते भडकले. पाटीवर: "ढेकरातून देवाचं नाव?" आणि त्यावर दोन रेघा. शेजारी बायको बसलेली, ती म्हणाली, "गोठ्यात शेण काढताना घेताय ते चालतं त्याला, ढेकरातलं चालत नाय? तुम्ही कधी विचारलंत?" बुवा काही लिहिले नाहीत. त्या दिवशी शब्द झाला "चाय".

या बाईंबद्दल लिहायलाच हवं. स्टोमा म्हणजे मानेतलं भोक साफ करणं, रात्री खोकल्यानं भोक भरलं की उठून बघणं, सगळं त्यांच्याकडे. ऑपरेशनच्या वेळी म्हापशाच्या चर्चमधल्या मिलाग्रीस सायबिणीला (मेरी मातेला) तेल बोलल्या होत्या, ते जाऊन घालून आल्या, शिरगावची लईराई देवी आणि ती बहिणी असं आपल्याकडे मानतातच. मी एकदा विचारलं की तुम्हाला नाही का देवाचा राग आला. "मला भांडायला वेळ खंय मिळाला बाय?" हे त्यांनी हसून म्हटलं, पण ते ऐकून मला वाटलं की अशा केसमध्ये आपण सगळे आजारी माणसाचा देव शोधत बसतो आणि सांभाळणारीला कुणी तेवढंही विचारत नाही.

शिमग्यानंतर मी एक सुचवलं. डिप्रेशनमध्ये रोज भावना लिहायची वही देतात, बुवांना ती बालिश वाटली. मग मी म्हटलं गाऱ्हाणं लिहा. गावचा गावकार देवासमोर उभा राहून घालतो तसलंच, सुरुवातीपासून, बारा गावच्या बारा वाटेच्या देवांना बोलावून, फक्त मागणं न मागता काय काय झालंय ते सांगा. हे त्यांना पटलं, कारण हे त्यांच्या ओळखीचं होतं, देवाला धरून विचारायची आपल्याकडे रीतच आहे, संतांनी कमी शिव्या दिल्यात का पांडुरंगाला. बरेच दिवस लिहीत होते. मला पूर्ण दाखवलं नाही, मी मागितलंही नाही. एक ओळ मात्र बायकोकडून कळली आणि ती छापायची परवानगी बुवांनीच दिली: "बिडीचं माझं मी मानतो, बाकीचं तुझं तू बघ."

मला या ओळीत सगळ्यात जास्त इलाज दिसतो. सगळा दोष अंगावर घेतला की माणूस दबतो, सगळा देवावर टाकला की कडू होतो, आणि इथे एका शेतकऱ्यानं वाटणी करून टाकली, मर्यादेचा दगड रोवून.

मे महिन्यात वासाचे व्यायाम सुरू केले. तोंड मिटून ठेवायचं आणि आतल्या आत जांभई दिल्यासारखा जबडा, जीभ खाली ओढायची, परत परत, म्हणजे नाकात थोडी हवा खेचली जाते. नेदरलँड्सच्या हिल्गर्स वगैरे डॉक्टरांनी २००० च्या सुमारास ही युक्ती आणली, साधी आहे आणि बऱ्याच पेशंटना उपयोग होतो. मी घरी कापूर आणि अगरबत्ती वापरायला सांगितलं होतं, माझ्या डोक्यात छानशी गोष्ट तयार होती. प्रत्यक्षात पहिला वास आला तो पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेल्या सुक्या बांगड्यांचा, बायको चुलीवर भाजत होती आणि हे आतून हात हलवत बाहेर आले. कापूर आला नंतर, बऱ्याच दिवसांनी, आणि तो अजून कधी येतो कधी नाही.

मग श्रावणात गावचा सप्ताह. नाव सप्ताह, पण असतं चोवीस तास अखंड भजन, वाड्यावाड्याला तास वाटून दिलेले. वास्कोचा दामोदर सप्ताह सगळ्यांना माहीत आहे, तो एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी साथ आली तेव्हा लोकांनी जांबावलीच्या दामोदराला साकडं घातलं, तिथून नारळ आणला, त्यातून सुरू झाला. म्हणजे ज्या उत्सवाला आज फेरीची (जत्रेतल्या बाजाराची) एवढी गर्दी होते त्याचं मूळ लोक मरत होते तेव्हाचं आहे. आमच्या या गावचा सप्ताह लहान, पण नियम तोच, सूर खंडित होता कामा नये.

बुवांचा तास वर्षानुवर्षं रात्री दोन ते चारचा, कारण त्या वेळेला झोप सगळ्यात जास्त येते आणि तेव्हा गळा आणि माणूस दोन्ही पक्कं लागतं. मेळातली पोरं घरी आली, तोवर ती लाजेनं टाळत होती, बुवांना भेटून बोलायचं काय हा प्रश्न. आता मात्र काम होतं, वही हवी होती, कुठल्या अभंगानंतर कुठला, गौळण कुठली, कुठे चाल बदलते, सगळं बुवांच्या डोक्यात. बुवांनी आधी मानेनंच नाही म्हटलं. पोरं गेल्यावर दोन दिवसांनी वही काढली आणि क्रम लिहून दिला.

त्या रात्री ते देवळात गेले, खांबाला टेकून मागे बसले, गळ्याला रुमाल. पुढचं मला मेळातल्या एका मुलानं सांगितलं. तीनच्या सुमाराला पुढे चारच जण उरले होते, पेटीवाला पेंगत होता आणि गाणारा पोरगा अंतऱ्यात चाल विसरला, सूर आता तुटणार तोच मागून झांज वाजली, नेमकी समेवर, पोरानं अभंग सोडला आणि नुसता नामघोष धरला, बाकीच्यांनी तो उचलला. झांज बुवांची. चार वाजेपर्यंत ते वाजवत राहिले.

हे ऐकून मला वाटलं आता बुवा येऊन काहीतरी मोठं लिहिणार. ते आले, पाटी घेतली आणि लिहिलं, "माझ्यावाचून थांबलं नाही. आधी राग आला. मग घरी येऊन झोप लागली."

मी त्या तीन वाक्यांवर बराच विचार केलाय. समुपदेशनात आपण सहसा म्हणतो की प्रत्येकानं आपल्या दुःखातला अर्थ स्वतः शोधायचा, आतून, एकट्यानं. बुवा वर्षभर तेच करत होते, खिडकी लावून, आणि हाताला काही लागलं नाही. त्यांना जे मिळालं ते असं की नाम चाळीस वर्षं त्यांच्या गळ्यातून जात होतं पण त्यांच्या गळ्याच्या मालकीचं कधीच नव्हतं, त्यांचे फक्त दोन तास होते, बाविस दुसऱ्यांचे. स्वतःला श्रद्धा धरवत नसेल तेव्हा दुसरे ती धरून ठेवतात, तेवढा वेळ माणसानं मागे खांबाला टेकून बसलं तरी चालतं. हे समजावून सांगून त्यांना पटलं नसतं, मी सांगितलं असतं तर पाहुण्यांच्या यादीत माझीही भर पडली असती.

पण हे सगळ्यांना लागू पडेल असं मी म्हणणार नाही. बुवांना देवळात जागा होती, तास होता, मान होता. ज्यांना गावच्या देवळात पुढे बसायला मिळत नाही, किंवा ज्या बाईला भजनात कुणी तासच दिलेला नाही, तिला हीच गोष्ट सांगितली तर ती जखमेवर मीठ ठरेल. आणि ज्याचा देवावर मुळात विश्वासच नाही त्याला विश्वासाकडे ढकलणं हे माझं काम नाही, त्याचा मेळ दुसरीकडे असेल, क्रिकेटच्या टीमचा असेल, तियात्राच्या (कोकणी नाटकाच्या) ग्रुपचा असेल.

सध्याची स्थिती अशी. आतापर्यंतचे फॉलोअप स्वच्छ आलेत. गोळ्या चालू आहेत, डोस कमी केलाय. ढेकराच्या आवाजात चार-पाच शब्दांची वाक्यं जमतात, नातीला ती सगळी कळतात, मला निम्मी. विठ्ठल हा शब्द माझ्यासमोर अजून एकदाही म्हटलेला नाही, घरी म्हणतात की नाही ते मी विचारलं नाही. सोमवारी खिडकी उघडी असते असं बायको म्हणते, पण पाऊस असला की लावावीच लागते. कौलाचा राग गेलेला नाही, परवा मुलीच्या लग्नासाठी प्रसाद लावायचा विषय निघाला तर बुवांनी लिहिलं, "प्रश्न नीट लिहून घ्या आधी." झडप बसवायची की नाही यावर घरात वाद चालू आहे, मुलगा म्हणतो बंगळुरूला जाऊन विचारून येऊ, बायको म्हणते आणखी एक भोक नको. बुवा म्हणतात चवथ होऊ दे, आरत्यांना पोरांची तयारी करून घ्यायचीय, मग बघू.